‘ही गाडी घेऊ का?’ : एका घरगुती प्रश्नाचा संशोधन आराखडा

पेट दिली, मुलाखत जवळ आली, आता आराखडा लिहायचाय, आणि तुम्ही वहीत विषयाचं नाव लिहून बसला आहात. पुढे काही सुचत नाही. बहुतेकांचं इथेच अडतं. विषय असतो, पण त्याचा प्रश्न होत नाही. आज त्याबद्दलच बोलू. मात्र उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, साजगावातल्या आमच्या मामाच्या ओटीवरचं आहे.

साजगाव म्हणजे खालापूर तालुक्यात, खोपोलीला लागून असलेलं गाव. मामाकडे जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे. मामीला मणक्याचा त्रास, त्यामुळे पनवेलला डॉक्टरांकडे फेऱ्या. जुन्या गाडीत प्रत्येक गतिरोधकाला मामी डोळे मिटून घेते. मामाच्या मनात भरली ती छोटी, आरामदायी हायब्रीड एसयूव्ही. ‘शहरात अठ्ठावीसचं मायलेज देते’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. पैशांची सोय म्हणून रस्त्यालगतचे दोन गुंठे काढायचं चाललं होतं. मला म्हणाला, “तू पीएचडी करतेस ना? मग सांग, घेऊ का?”

मी उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं. ‘घेऊ का?’ हा निर्णय आहे, संशोधनप्रश्न नाही. निर्णयाच्या पोटात तीन-चार प्रश्न दडलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय एकही मोजता येत नाही. मामाच्या प्रश्नाचं आम्ही काय केलं ते पायरी-पायरीने सांगते. तुमच्या विषयाला हीच पायरी लावून बघा.

पायरी १ : शब्द सुटे करा

मामाच्या वाक्यात चार शब्द होते : छोटी, आलिशान, हायब्रीड, शहरात. चारही शब्द आपल्याला कळतात असं वाटतं. म्हणूनच ते घातक.

‘हायब्रीड’ घ्या. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या दोन्ही गाड्या २०२२ मध्ये आल्या, आणि एकाच नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या गेल्या. एक ‘माइल्ड’ हायब्रीड. तिच्यात विजेची मदत इंजिनाला नुसता हात लावण्यापुरती. निव्वळ विजेवर गाडी चालत नाही. दुसरी ‘स्ट्राँग’ हायब्रीड. तिच्यात इंजिन बंद ठेवून काही अंतर मोटरवर जाता येतं, आणि ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतला बराच भाग बॅटरीत परत येतो. शेजाऱ्याने ‘माझी हायब्रीड आहे, एवढं मायलेज देते’ म्हटलं तर आधी विचारायचं, कुठली हायब्रीड? संशोधनात एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरणारे दोन लेख तुम्ही शेजारी ठेवून तुलना केलीत, तर नेमकी हीच चूक होते.

‘आलिशान’ तर त्याहून निसरडा शब्द. जगात ‘छोटी आलिशान हायब्रीड एसयूव्ही’ असा एक ठरलेला गट आहे. लेक्ससची यूएक्स, किंवा २०२३ मध्ये दाखवलेली त्याहून लहान एलबीएक्स, या त्यातल्या. लेक्सस भारतात २०१७ पासून आहे, पण इथे या घराण्यातली हायब्रीड एसयूव्ही म्हणून समोर येते ती एनएक्स ३५०एच. लांबी ४,६६० मिमी, रुंदी १,८६५ मिमी. साजगावच्या गल्लीत ती ‘छोटी’ नाही, आणि दोन गुंठ्यांत बसणारीही नाही. मामाच्या तोंडी ‘आलिशान’चा अर्थ निराळाच होता. विचारत विचारत गेले तेव्हा तो म्हणाला, “मामीची पाठ दुखू नये आणि आत शांत असावं, एवढंच.”

बघा, आता शब्द मोजण्याजोगा झाला. याला आपल्या भाषेत कार्यात्मक व्याख्या म्हणतात : संकल्पना मोजायची कशी, हे आधीच ठरवून लिहून ठेवणं. मामाचा ‘आलिशान’पणा म्हणजे (अ) ठरलेल्या गतिरोधकांवरून ठरलेल्या वेगाने जाताना मागच्या सीटवर बसणारे हादरे, आणि (आ) थांबलेल्या व सावकाश चाललेल्या गाडीतला आवाज. बिल्ला कुठल्या कंपनीचा, हे या व्याख्येत येतच नाही.

पायरी २ : प्रमाणित आकडा कुठून आला ते वाचा

स्ट्राँग हायब्रीड हायरायडर आणि ग्रँड विटारा यांचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किमी. लोक अशा आकड्याला सरसकट ‘एआरएआयचं मायलेज’ म्हणतात. एआरएआय म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्यातली वाहन संशोधन संस्था. हा आकडा खोटा नसतो. पण तो तुमच्या रस्त्याचा नसतो.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि सेकंदागणिक ठरलेल्या वेगाने चालवतात. या ठरलेल्या वेगपत्रिकेला ड्राइव्ह सायकल म्हणतात. आपल्याकडची मॉडिफाइड इंडियन ड्राइव्ह सायकल. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी. त्यातला पहिला भाग ‘शहरी’ : १९५ सेकंदांचा एक तुकडा चार वेळा, वेग जास्तीत जास्त ताशी ५० किमी, सरासरी ताशी १९ च्या आसपास, आणि प्रत्येक तुकड्यात साधारण ६० सेकंद गाडी उभीच. उरलेले ४०० सेकंद शहराबाहेरचे, वेग ताशी ९० पर्यंत. चाचणीत एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, पाऊस नाही, मागे बसलेली मामी नाही.

मग हा आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा दिली म्हणून त्यांची आपसात तुलना करता येते. म्हणजे या मोजमापाची विश्वसनीयता चांगली. पुन्हा चाचणी केली तर जवळपास तोच आकडा येईल. प्रश्न आहे सप्रमाणतेचा, जे मोजायचं म्हणतोय तेच मोजलं जातंय का याचा. मामाने ‘शहरात अठ्ठावीस’ असं वाक्य केलं होतं. पण तो आकडा शहराचा नव्हताच, शहर आणि बाहेर मिळून होता, आणि ते शहरही कागदावरचं होतं.

संदर्भ वाचताना हीच सवय लावा. एखाद्या लेखातला निष्कर्ष वहीत उतरवण्याआधी त्याची ‘पद्धती’ वाचा. आकडा आणि तो ज्या परिस्थितीत मिळाला ती परिस्थिती, दोन्ही एकाच ओळीत लिहा. नुसता आकडा लिहिलात की सहा महिन्यांनी तो तुम्हालाच फसवेल.

पायरी ३ : तुलना कशाशी?

‘हायब्रीड चांगली’ हे वाक्य अर्धं आहे. कशापेक्षा चांगली?

मामाने हायब्रीडची तुलना त्याच गाडीच्या साध्या, हाताने गिअर टाकायच्या प्रकाराशी केली होती. इथे गडबड आहे. स्ट्राँग हायब्रीडमध्ये क्लच-गिअरची भानगड नाही, ती ऑटोमॅटिक. म्हणजे तुलनेत एकदम दोन गोष्टी बदलल्या. ऑटोमॅटिक माइल्ड हायब्रीडचा जाहीर आकडा लिटरला २०.५८ किमी, हाताने गिअर टाकायच्या प्रकाराचा २१.११. बरोबरीची तुलना २७.९७ विरुद्ध २०.५८ अशी. तीसुद्धा पूर्ण निर्मळ नाही, कारण इंजिनंही वेगळी : माइल्डमध्ये १,४६२ सीसीचं चार सिलिंडरचं, स्ट्राँगमध्ये १,४९० सीसीचं तीन सिलिंडरचं. ‘हा सगळा फरक बॅटरीमुळे’ असं म्हणता येणार नाही. ‘हा फरक या दोन गाड्यांमधला’ एवढंच म्हणता येईल. निष्कर्ष तुलनेपेक्षा मोठा करू नका.

शोरूममध्ये ही गडबड आणखी वाढते. हायब्रीड यंत्रणा बहुधा वरच्या, महागड्या प्रकारांत मिळते. त्याच प्रकारांत सीटही चांगली, छपराला मोठी काच, पडदाही मोठा. चक्कर मारून आलेला माणूस म्हणतो, ‘हायब्रीड काय मस्त वाटते!’ मस्त काय वाटलं, मोटर की सीट? दोन चल एकमेकांत गुंतले की परिणाम कुणाचा ते सांगता येत नाही.

आणि एक पर्याय सगळेच विसरतात : काहीच न बदलणं. जुनी गाडी ठेवायची, तिचे शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर बदलायचे, मामीसाठी पाठीला चांगली उशी घ्यायची. प्रयोगात नियंत्रित गट असतो तसा हा पर्याय. तो तुलनेत ठेवला नाही तर नवीन गोष्ट नेहमीच जिंकते.

पायरी ४ : मोजण्याआधी कागदावर हिशेब करा

मामाचं एक ठाम मत होतं. “आपल्याला बोरघाट आहे. उतरताना बॅटरी फुकट भरते. म्हणजे आपल्यासारख्या घाटाखालच्या लोकांना हायब्रीडचा फायदा सगळ्यांत जास्त.” ऐकायला पटतं. हे झालं गृहीतक. आता ते तपासायला गाडी लागत नाही, दहावीचं विज्ञान पुरतं.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर, खोपोली त्याच्या साडेपाचशे मीटर खाली. माणसांसकट गाडीचं वजन १,५०० किलो धरा. उतरताना सुटणारी स्थितिज ऊर्जा = १,५०० × ९.८ × ५५०, म्हणजे सुमारे ८० लाख ज्यूल. विजेच्या भाषेत साधारण सव्वादोन युनिट. साधारण १५ किमीच्या उतारात टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांत त्यातलं पाऊण-एक युनिट जाईल असं धरलं, तरी सव्वा-दीड युनिट उरतं.

आता बॅटरी बघा. या गाड्यांतली बॅटरी सुमारे ०.७६ युनिटची. तीही पूर्ण रिकामी-पूर्ण भरलेली अशी वापरत नाहीत. आयुष्य टिकावं म्हणून मधला भागच वापरतात. म्हणजे घाट देतो त्याच्या निम्मंही साठवायला जागा नाही. निम्म्या घाटात बॅटरी भरते आणि पुढची ऊर्जा इंजिनाच्या अवरोधात आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते.

याच घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. वरच्या तलावांतलं पाणी खाली आणून वीज करायची. तत्त्व तेच, उंचीची ऊर्जा. पण तिथे साठवायला तळी आहेत. मामाच्या गाडीत आहे तो तांब्या.

मग हा तांब्या कशासाठी पुरतो? ताशी ५० किमी वेगाने चाललेली तीच गाडी थांबवली तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ४५ हजार ज्यूल, म्हणजे ०.०४ युनिट. घाटाच्या मानाने चिमूटभर. एका थांब्यात मिळालेलं पुढच्या सुटण्यात खर्च, पुन्हा थांबा, पुन्हा भर. तांब्या भरतो, रिकामा होतो, भरतो. ही यंत्रणा सिग्नल आणि रांगांसाठीच आहे. मामाचं गृहीतक उलटं निघालं : घाटात फायदा मर्यादित, खरा फायदा पनवेलच्या गर्दीत.

दहा मिनिटांच्या हिशेबाने एक महिन्याचा चुकीचा प्रयोग वाचला. तुमच्या आराखड्यात असं एखादं ‘पाठकोरं गणित’ जरूर ठेवा. अपेक्षित परिणाम किती मोठा असेल याचा अंदाज नसेल, तर मोजमापाचं साधन किती बारीक हवं तेही ठरवता येत नाही.

पायरी ५ : मोजमापातली चूक कुठून येते?

मामा म्हणाला, “मग टेस्ट ड्राइव्ह घेतो आणि पडद्यावरचं मायलेज बघतो.” पाच किलोमीटरच्या चक्करीत पडद्यावरचा आकडा जवळपास निरर्थक असतो. का ते समजून घ्या.

पाच किमीला, लिटरला २० च्या हिशेबाने, पाव लिटर पेट्रोल लागेल. सुरुवातीला बॅटरी चांगली भरलेली होती आणि शेवटी ती ०.३ युनिटने उतरली, असं समजा. तेवढी वीज इंजिनाने तयार करायची तर साधारण १०० मिली पेट्रोल लागतं. म्हणजे पाव लिटरच्या मोजमापात १०० मिलीची उधारी लपलेली! उलट बॅटरी रिकामी असताना चक्कर मारली तर गाडी विनाकारण बदनाम. हीच उधारी ५०० किमीच्या मोजमापात नगण्य होते. अंतर वाढवणं, किंवा सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीची पातळी सारखी ठेवणं, हे दोनच उपाय.

थंड इंजिनाचाही हिशेब धरा. सकाळी गाडी सुरू केली की इंजिन आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा तापवण्यासाठी हायब्रीडमध्येही इंजिन काही वेळ चालतंच. साजगाव ते खोपोली बाजार अशा तीन-चार किमीच्या सुट्या फेऱ्यांत हा भाग मोठा ठरतो. एकच लांब फेरी आणि तेवढ्याच अंतराच्या दहा लहान फेऱ्या सारख्या नाहीत.

पेट्रोल टाकी ते टाकी मोजायचं ठरवलं तरी पंपाची नळी आपोआप बंद होण्याची जागा दरवेळी थोडी बदलते. अर्ध्या लिटरची चूक धरा. पाच लिटर भरलंत तर १० टक्के चूक, पस्तीस लिटर भरलंत तर दीड टक्क्याच्या आत. तोच पंप, तीच नळी, पहिल्यांदा बंद झाली की तिथेच थांबायचं, ‘साहेब, राउंड करू का?’ला नाही म्हणायचं. गोष्ट साधी आहे, पण विज्ञानातलं प्रमाणीकरण याहून फार वेगळं नसतं.

सरासरी काढतानाही सांभाळा. घाट चढताना लिटरला १० आणि उतरताना ४० मिळाले, तर सरासरी २५ नाही. पंधरा किमी चढायला दीड लिटर, पंधरा किमी उतरायला ०.३७५ लिटर; एकूण ३० किमीला १.८७५ लिटर, म्हणजे लिटरला १६. दर थेट मिळवून भागायचे नसतात. एकूण अंतर आणि एकूण इंधन यांवरूनच सरासरी काढायची. टक्केवाऱ्यांची सरासरी काढणारे प्रबंध मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

आरामाचं मोजमाप कसं केलं? मामीला मागच्या सीटवर बसवून, डोळे मिटायला सांगून. इंजिन कधी सुरू झालं असं वाटलं ते तिने सांगायचं आणि पुढे बसणाऱ्याने पडद्यावर बघून टिपायचं. गतिरोधकांना शून्य ते दहा गुण. दोन गाड्या असतील तर एकदा आधी ही मग ती, दुसऱ्या दिवशी उलट क्रम. नाहीतर दुसऱ्या गाडीपर्यंत पाठ दमलेली असते आणि दोष गाडीला लागतो. आवाजासाठी फोनमधलं अॅप चालेल, पण त्याचा डेसिबलचा आकडा खरा मानू नका. एकाच फोनने, एकाच जागी ठेवून घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक तेवढा धरा.

पायरी ६ : नमुना कुठल्या दिवसांचा?

साजगावला कार्तिकी एकादशीपासून ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. त्या दिवसांत रस्त्याला गाडी पावलापावलाने चालते. हायब्रीडची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि वर्षभराचा निष्कर्ष काढायला याहून वाईट काळ नाही. इंजिन बंद, गाडी विजेवर सरकतेय, मामा खूश. पण ते वर्षातले मोजके दिवस.

तसंच ऋतूंचं. मे महिन्यात एसी पूर्ण जोरावर. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा राहतो. पण त्याने बॅटरी उतरते आणि इंजिनाला मधूनमधून जागं व्हावं लागतं. जुलैत खालापूरचा पाऊस, पाणी साचलेले रस्ते, सावकाश वाहतूक. एकाच ऋतूत मोजलंत तर निष्कर्षही त्या ऋतूपुरताच लिहा. यात्रेच्या दिवसांची नोंद फेकून देऊ नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. गैरसोयीची नोंद गाळणं आणि वेगळी दाखवणं यांत प्रामाणिकपणाचा फरक आहे.

पायरी ७ : मग उत्तर काय?

इथे आकडेमोड करून दाखवते. पुढच्या हिशेबातले जाहीर आकडे सोडून बाकीचे मानलेले आहेत. तुमचे टाकून बघा. पेट्रोल लिटरला १०५ रुपये, वर्षाला १०,००० किमी, दोन गाड्यांच्या किमतीतला फरक अडीच लाख असं समजू.

जाहीर आकड्यांनी : १०० किमीला एका गाडीला ४.८६ लिटर, दुसरीला ३.५८. वर्षाला १२८ लिटर वाचले, म्हणजे साडेतेरा हजार रुपये. अडीच लाख भरून निघायला साडेअठरा वर्षं.

निव्वळ शहरी गर्दीत : साधी ऑटोमॅटिक ११ देते आणि हायब्रीड २० देते असं समजा. १०० किमीला ९.०९ विरुद्ध ५ लिटर. वर्षाला ४०९ लिटर, सुमारे ४३ हजार रुपये. सहा वर्षांच्या आत वसुली.

मामाच्या रस्त्यावर : पनवेलची जाऊन-येऊन फेरी ८० किमी धरू. त्यात गर्दीचे १६, उरलेले ६४ मोकळ्या रस्त्याचे. मोकळ्या रस्त्यावर दोघींतला फरक कमी होतो. १८ आणि २१ धरा. फेरीला एकीला ५ लिटर, दुसरीला ३.८५. वर्षाची बचत सुमारे सव्वापंधरा हजार. वसुलीला सोळा वर्षांहून जास्त.

त्याच दोन गाड्या, तोच पेट्रोलचा भाव, आणि उत्तर सहा वर्षं की अठरा, हे ‘शहर’ या एका शब्दावर ठरलं. ज्या शब्दाकडे मामाने सगळ्यांत कमी लक्ष दिलं होतं त्यावर.

म्हणून मी मामाला सल्ला दिला नाही, एक वही दिली. महिनाभर प्रत्येक फेरीची नोंद : कुठून कुठे, किती किमी, किती वेळ लागला, सोबत मामी होती का. महिन्याने वही उघडली. मामा स्वतःला ‘शहरात गाडी चालवणारा’ समजत होता, पण वहीत बरंच अंतर मोकळ्या रस्त्याचं होतं आणि बऱ्याच फेऱ्या खोपोलीपर्यंतच्या, तीन-चार किमीच्या. दोन्ही ठिकाणी हायब्रीडचं मुख्य कौशल्य वापरलं जात नाही. मामी सोबत असलेल्या फेऱ्या तर महिन्यात बोटांवर मोजण्याइतक्या.

मामी वही बघून म्हणाली, “पाठ माझी दुखते आणि गाडीचा अभ्यास पेट्रोलवर?” संशोधनात याला चुकीचा आश्रयी चल निवडणं म्हणतात. तिने ते फक्कड शब्दांत सांगितलं. प्रश्न तिच्या पाठीचा होता. आम्ही मायलेज मोजत बसलो, कारण मायलेज मोजणं सोपं होतं. ही चूक माझीसुद्धा. तुमच्या आराखड्यातही तपासा : जे मोजताय ते महत्त्वाचं आहे म्हणून मोजताय, की मोजता येतं म्हणून?

मग ‘काहीच न बदलणं’ या पर्यायाची पाळी आली. जुन्या गाडीचे मागचे शॉक अॅब्सॉर्बर पार बसलेले निघाले. ते बदलले, टायरमधली हवा ठरल्याप्रमाणे ठेवली आणि मामीने पुन्हा डोळे मिटून त्याच गतिरोधकांना गुण दिले. गुण वाढले. किती वाढले ते सांगत नाही, कारण एका माणसाच्या एका दिवसाच्या गुणांवरून तुम्ही काही ठरवू नये. गाडी घ्यायचा विचार मामाने सोडलेला नाही. उद्या त्याची नोकरी करणारी मुलगी रोज वाशीच्या गर्दीत गाडी नेऊ लागली, तर याच वहीवरून उत्तर बदलेल आणि ते बदललंच पाहिजे. तूर्त दोन गुंठे विकलेले नाहीत.

आता तुमची वही उघडा. विषयाच्या नावाखाली पाच ओळी लिहा. माझ्या वाक्यातले मोजायचे शब्द कोणते, आणि प्रत्येकाची व्याख्या काय? मी वापरणार असलेला आकडा कुठल्या परिस्थितीत मिळाला? माझी तुलना कशाशी, आणि ‘काहीच न करणं’ त्यात आहे का? परिणाम अंदाजे किती मोठा असेल, आणि माझं साधन तेवढं बारीक आहे का? आणि शेवटची ओळ मामीची : दुखणं ज्याचं, मोजमाप त्याचंच होतंय ना?

या पाच ओळी लिहिता आल्या तर आराखडा निम्मा झाला. नाही आल्या तर काळजी करू नका. कुठली ओळ अडली ते कळलं, म्हणजे वाचन कुठून सुरू करायचं तेही कळलं.